कथा अडलीय, तारीख आलीय. फिरायला जाऊ की बसून राहू?

प्रश्न : मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आजवर माझ्या काही कथा छोट्या अंकांत आल्या. यंदा पहिल्यांदाच एका नावाजलेल्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी स्वतः फोन करून कथा मागितली. मर्यादा साडेचार हजार शब्द, मुदत ३१ ऑगस्ट. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात झपाट्याने अठराशे शब्द झाले. वडील गेल्यावर दोन बहिणी वाईच्या वाड्यात येतात, भावाने हक्कसोडपत्राचे कागद तयार ठेवलेत, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जायचंय, इथवर. त्यानंतर तीन आठवडे ओळ पुढे सरकलेली नाही. रोज रात्री सगळं आवरून अकराला बसते, पहिल्यापासून वाचते, दुरुस्त्या करते, दीडला लॅपटॉप मिटते. पहाटे साडेपाचला उठून डबे. यजमान म्हणतात, डोकं शिणलंय, १५ ऑगस्टचं ध्वजवंदन आटोपलं की गुहागरला जाऊ, तीन दिवस. दिरांचं कुटुंबही येतंय, बुकिंग झालंय. मैत्रीण म्हणते, लिहिणाऱ्याने खुर्ची सोडायची नसते. मला सुट्टीची लाज वाटते आणि खुर्चीची भीती. काय करू?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर :

ताई,

सुट्टी घ्या. पण गुहागरला जाऊ नका, आणि उद्याच्या उद्या घेऊ नका. तुमचं पत्र ७ तारखेचं आहे, हे उत्तर तुमच्या हाती पडेपर्यंत १२ उजाडेल. म्हणजे एकोणीस दिवस उरतात आणि लिहायचेत सत्तावीसशे शब्द. हिशेब काही वाईट नाही. मागचे तीन आठवडे कोरडे गेले म्हणून तो वाईट दिसतोय.

पत्रात तुम्ही एक गोष्ट जाता जाता लिहून गेलात, माझं लक्ष तिथेच अडलं. रोज रात्री तुम्ही कथा 'पहिल्यापासून' वाचता. अकरा ते दीड हे अडीच तास बहुतेक त्याच अठराशे शब्दांवर जात असणार. 'ओसरी'ची 'पडवी' झाली असेल आणि दोन दिवसांनी पडवीची पुन्हा ओसरी. मैत्रीण याला खुर्ची न सोडणं म्हणत असेल तर म्हणू दे. तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, बसल्याशिवाय कथा होत नाहीच. पण दिवसभर वर्गात बोलून, घरचं आवरून, चार तासांच्या झोपेवर रात्री दीडपर्यंत बसणं ही लेखनाची शिस्त नव्हे. ती शिक्षा आहे, आणि तुम्ही ती स्वतःला सुनावलीय कारण सुट्टीची लाज वाटते.

आता कथा कुठे थांबलीय ते बघा. 'दुसऱ्या दिवशी कार्यालयात जायचंय.' तुम्ही त्या कार्यालयात कधी गेला आहात का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. माझा अंदाज असा, की थोरली सही करते की नाही हे तुम्हालाच अजून ठाऊक नाही, आणि ते ठरवायला लागणारा ऐवजही गाठीशी नाही. वाडा तुम्ही पाहिलेला असणार, त्यामुळे वाड्यातले अठराशे शब्द झपाट्याने झाले. पुढचं दार उघडायची वेळ आली आणि आत काय आहे हे माहीत नाही, म्हणून तुम्ही रोज अंगणात परत येता. डोकं शिणलंय हे यजमानांचं म्हणणं खरं आहे. पण नुसता शीण घालवून त्या कार्यालयात काय घडलं हे सुचणार नाही.

सुट्टीत सुचतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मात्र सुट्टीत काय सुचतं आणि कुणाला, याबद्दल आपल्याकडे फार भाबडे समज आहेत. समुद्रकिनारी बसलं, चहाचा कप हातात घेतला, की प्रतिभा लाटांबरोबर येते, वगैरे. त्यावर उतारा म्हणून एका फ्रेंच गणितज्ञाची हकिकत सांगते. गणिताला घाबरू नका, गणित त्यात काहीच नाही.

आंरी प्वाँकारे याने १९०८ साली पॅरिसमध्ये मानसशास्त्राच्या अभ्यासकांपुढे एक व्याख्यान दिलं. विषय होता, गणितज्ञाला सुचतं कसं. त्यात त्याने स्वतःचा तरुणपणचा अनुभव सांगितला. एका प्रश्नावर तो पंधरा दिवस रोज टेबलापाशी बसत होता, तास-दोन तास नाना जुळण्या करून बघत होता, हाती काही लागत नव्हतं. एका संध्याकाळी सवय नसताना काळी कॉफी प्यायला, झोप उडाली, रात्रभर डोक्यात कल्पनांची झुंबड उडाली आणि सकाळपर्यंत एक टप्पा सुटला. (ही कॉफी तुम्ही घ्यायची नाही. तुमची झोप आधीच उडालेली आहे.) पुढे तो एका भूशास्त्रीय सहलीला गेला आणि प्रवासाच्या धांदलीत गणित विसरून गेला. कुतांस नावाच्या गावी सगळे कुठेतरी जायला म्हणून घोड्यांच्या बसमध्ये चढत होते. याने पायरीवर पाऊल ठेवलं, आणि पुढचा टप्पा त्याच्यापुढे उभा राहिला. तेव्हा डोक्यात गणिताचा विचारही नव्हता. त्याने वही काढली नाही, पडताळून पाहायला वेळही नव्हता. आत बसून आधीच्या गप्पा पुढे सुरू केल्या, आणि घरी परतल्यावर सवडीने सगळं तपासून घेतलं.

लोक ही हकिकत बसच्या पायरीपाशी थांबवतात. प्वाँकारे स्वतः तिथे थांबला नव्हता. त्याने त्याच व्याख्यानात निक्षून सांगितलं, की मनाच्या आत नकळत चालणारं हे काम फळतं ते आधी जाणीवपूर्वक कष्ट झालेले असतील तरच, आणि नंतरही पुन्हा कष्ट करावे लागतात. ते पंधरा दिवस वाया गेल्यासारखे दिसतात, पण त्यांच्याशिवाय बसची पायरी ही नुसती बसची पायरी राहिली असती. ग्रॅहम वॉलस या इंग्रज लेखकाने १९२६मध्ये हेच चार पायऱ्यांत मांडलं: तयारी, मुरणं, सुचणं, तपासणं. यातली दुसरी पायरी सगळ्यांना आवडते.

पुढे प्रयोगशाळांतूनही याच दिशेचे निष्कर्ष आले. २००९मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी अशा ११७ अभ्यासांचा एकत्रित ताळा केला. मध्ये विश्रांती घेतल्याने अडलेले प्रश्न सुटायला मदत होते हे त्यातून दिसलं, आणि विश्रांतीआधी प्रश्नाशी जास्त वेळ झटापट केलेल्यांना फायदा जास्त झाला. झोपेचंही तसंच. जर्मनीतल्या ल्युबेकमध्ये २००४ साली एक प्रयोग झाला. आकड्यांचं एक कंटाळवाणं कोडं, त्यात एक छुपा सोपा मार्ग. कोड्याची ओळख झाल्यावर आठ तास झोपलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्क्यांना तो मार्ग सापडला, जागे राहिलेल्यांपैकी सुमारे २३ टक्क्यांना. पण जे कोडं न पाहताच झोपले, त्यांना झोपेचा असा काही लाभ झाला नाही. डाळ भिजत घातली तर सकाळी फुगते. भांड्यात डाळच नसेल तर सकाळी पाणीच मिळणार.

तुमच्या भांड्यात वाडा आहे, दोन बहिणी आहेत, भाऊ आहे. कार्यालय नाही. म्हणून सुट्टीच्या आधी ते एक काम.

१३ किंवा १४ तारखेला एक किरकोळ रजा टाका आणि साताऱ्यातच दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर जाऊन बसा. काही विचारू नका, कुणाची मुलाखत घेऊ नका. बघत राहा. नंबर लावून ताटकळणारी माणसं, झेरॉक्सवाल्याकडची गर्दी, वकिलाच्या हाताखालचा पोरगा, सर्व्हर बंद पडला की पसरणारी मरगळ. ओळख पटवायला आणलेले दोघे, ज्यांना जेवणाच्या आत घरी जायचं असतं. छोट्या कॅमेऱ्यासमोर फोटोसाठी ताठ बसणारी बाई, मग यंत्रावर टेकवलेला अंगठा. अधिकारी विचारतात, कागदात लिहिलंय ते कबूल आहे ना? त्या वेळी माणूस उत्तर देण्याआधी कुणाकडे बघतो ते टिपा. जमलं तर एखाद्या परिचित वकिलाकडून हक्कसोडपत्राचा नमुना वाचायला मागा. बहीण त्यात 'लिहून देणार' असते, भाऊ 'लिहून घेणार', आणि सगळं 'स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय' असतं.

आणखी एक, हे तुम्हाला ठाऊक असेल तर सोडून द्या. तुमच्या थोरलीचं लग्न कोणत्या वर्षी झालं हे ठरवलंय का? महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. हा भेद हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने गेला. म्हणजे थोरली १९९२ला उजवली असेल आणि धाकटी १९९६ला, तर १९९४ ते २००५ ही अकरा वर्षं एकाच आईबापाच्या या दोन मुली कायद्याच्या लेखी सारख्या नव्हत्या. थोरलीला ते तेव्हा कळलं होतं का? धाकटीला कळलं असून ती बोलली नव्हती का? मी तुमची कथा लिहायला निघालेली नाही. एवढंच दाखवतेय, की अशी एक तारीख हाती लागली तर गुहागरच्या तीन दिवसांपेक्षा जास्त काम होईल.

कार्यालयातून आलात की त्याच दिवशी, झोपायच्या आधी, एका कागदावर दोन गोष्टी लिहा. हाताने लिहा, कथेच्या फाइलमध्ये नको. पहिली गोष्ट, एकच प्रश्न. 'पुढे काय होईल' असला ऐसपैस प्रश्न नको, नेमका हवा: 'सही करताना थोरली कुणाकडे बघते?' किंवा 'धाकटी ऐनवेळी काय विसरल्याचं नाटक करते?' दुसरी गोष्ट, परत बसायची तारीख आणि वेळ. १८ ऑगस्ट, संध्याकाळी साडेसहा, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. वेळ आणि जागा दोन्ही.

हा कागद तुमच्या लाजेवरचं औषध आहे. अर्धवट काम मनाला टोचत राहतं हा सगळ्यांचाच अनुभव. सुट्टीत हात रिकामे झाले की ते जास्तच टोचतं. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन अमेरिकी संशोधकांनी २०११मध्ये दाखवलं, की काम पुरं झालेलं नसलं तरी ते कधी, कुठे, कसं करायचं याची नेमकी योजना माणसाने केली, की त्या कामाचे मध्येमध्ये घुसणारे विचार बरेच शमतात. मनाला बहुधा काम संपल्याची पावती नको असते, ते विसरलं जाणार नाही एवढी हमी पुरते. तेव्हा कागद देवघरात ठेवा, फ्रिजला लावा, कुठेही. आणि १५ ते १७ लॅपटॉप उघडू नका. या तीन दिवसांत मनाई आहे ती उघडण्याला. न उघडण्याबद्दल लाज वाटून घ्यायची गरज नाही.

आता गुहागर. दोन कुटुंबं, मुलं, १५ ऑगस्टची जोडसुट्टी, घाटात गाड्यांच्या रांगा, किनाऱ्यावर पाऊस. भिजलेले कपडे कुठे वाळत घालायचे, कुणाला मासे नि कुणाचा श्रावण, औषधाची पिशवी कुठल्या गाडीत राहिली. हे सगळं कोण सांभाळणार ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. यजमानांचा हेतू चांगला आहे, त्यात शंका नाही. पण बहुतेक मराठी घरांत सहल म्हणजे बाईसाठी जागा बदललेला संसार असतो. तेव्हा त्यांना सांगा, बुकिंग रद्द करायचं नाही. तुम्ही सगळे जा, मुलांना न्या, मला घर द्या. तीन दिवस रिकामं घर. लग्नानंतर असं घर तुम्हाला कितीदा मिळालंय? त्यांना वाईट वाटलं तर वाटू दे, १८ तारखेपर्यंत निवळेल.

या रिकाम्या घरात कपाटं आवरायला काढू नका. मी हे मुद्दाम बजावतेय. मघाच्या त्या ११७ अभ्यासांत असंही दिसलं, की विश्रांतीच्या वेळात हलकं, डोक्याला ताण न देणारं काम असलेलं चांगलं. भाषेशी संबंधित कोड्यांत तर ते नुसतं स्वस्थ बसण्यापेक्षाही बरं ठरलं. हे वाचून कुणी म्हणेल, मग भाजी निवडणं काय वाईट! शेंगा सोलणं हलकं आहे, मान्य. पण आपल्याकडे शेंगा सोलता सोलता उद्याच्या डब्याचं, पाहुण्यांचं, गॅसच्या नंबराचं गणित चालू असतं. ते हलकं काम नव्हे. एकटीने, कुणाला वाढायचं नसताना, मेथीची एक जुडी निवडली तर मात्र जरूर निवडा. पाच जणांच्या स्वयंपाकातून सुचतं असं मला कुणी पुरुष लेखकाने सांगितलेलं नाही. आमच्या बायका सांगतात, त्या नाइलाजाने.

चाला. साताऱ्यात राहून चालायला जागा शोधावी लागत नाही. सकाळी 'चार भिंती' स्मारकापर्यंत, पाऊस उघडला तर अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने थोडं वर. डोंगर नाहीच जमला तर मंगळवार तळ्याच्या बाजूने फेरी. निसर्ग हवाच असंही नाही. स्टॅनफर्डमध्ये २०१४ साली झालेल्या प्रयोगांत कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही बसलेल्यांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या, आणि चालून येऊन बसल्यावरही तो परिणाम थोडा वेळ टिकला. त्याच प्रयोगांतली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. जिथे एकच नेमकं उत्तर शोधायचं होतं तिथे चालण्याने फायदा झाला नाही, उलट किंचित तोटाच झाला. तेव्हा चालताना थोरलीला हवं तसं वागू द्या. वाक्यं घासायला नंतर खुर्ची आहेच.

प्वाँकारेसाठी बस होती, तुमच्यासाठी एसटी आहे, आणि तीही अर्ध्या तिकिटात. एक दिवस सातारा स्टँडवरून वाईची गाडी पकडा, खिडकीशी बसा, उतरून एक चहा घ्या आणि पुढच्या गाडीने परत या. वाड्यात जाऊ नका, नातेवाइकांना कळवू नका. फोन पिशवीत खाली. फोन हाती असेल तर ही फेरी फुकट जाईल, कारण रिकामं राहिलेलं मन आणि रील बघणारं मन यांत काही साम्य नाही. सुचलेलं टिपायला चिठोरी नि पेन ठेवा. याच कारणाने तीन दिवस दुसऱ्यांच्या कथा वाचू नका, निदान गेल्या वर्षीचे दिवाळी अंक तरी. आत्ताच्या मनःस्थितीत तुम्ही वाचणार नाही, तुलना करत बसाल.

आणि झोपा. दुपारीही झोपा.

हे सगळं करायच्या आधी, १३ला सकाळी, संपादकांना एक फोन करा. मी काही वर्षं दिवाळी अंकाच्या टेबलापलीकडे बसले आहे, म्हणून तिकडची बाजू सांगते. लेखकाला ३१ ऑगस्ट हा कडेलोट वाटतो. संपादकासाठी ती लांबलचक रांगेतली पहिली तारीख असते. कथा आली की वाचन, मग चित्रकाराकडे, अक्षरजुळणी, पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, मांडणी, छपाई, बांधणी, आणि मग गठ्ठे विक्रेत्यांकडे. पुष्कळ ठिकाणी अंक एकदम छापायला जात नाही, सोळा-सोळा पानांचे फॉर्म जसे तयार होतील तसे जातात. तुमची कथा दुसऱ्या फॉर्मात आहे की अकराव्या, यावर तुमच्या ३१ तारखेला किती लवचीकपणा आहे हे ठरतं. का. र. मित्रांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून छपाईत सगळं बदललं. दिवाळी मात्र कुणाच्या कथेसाठी पुढे जात नाही, आणि लक्ष्मीपूजनानंतर स्टॉलवर आलेल्या अंकाकडे कोण बघतं?

फोनवर रडगाणं नको, मुदतही मागू नका. एवढंच म्हणा: 'कथा अठराशे शब्दांवर आहे, ३१ला देते. चित्रकारांना आधी काही हवं असेल तर कथेचा गोषवारा आजच पाठवते.' संपादक खूश होतील, कारण चित्रकार हाच त्यांचा सगळ्यांत अडलेला माणूस असतो. गोषवारा लिहिताना तुम्हाला शेवट ठरल्यासारखं लिहावं लागेल. खोटा शेवट लिहा. कथा तो पाळेल असं नाही, पण नाकारायला काहीतरी असलं की खरा शेवट लवकर सापडतो. चित्रासाठी मात्र वाड्यातला प्रसंग सुचवा, तो काही बदलणार नाही.

१८ला संध्याकाळी साडेसहाला बसाल तेव्हा अठराशे शब्द उघडायचे नाहीत. नवी फाइल, पहिलं वाक्य कार्यालयातलं. मागचं वाचायची ओढ लागेल. शेवटचा परिच्छेद फार तर वाचा. १८ ते २९ हे बारा दिवस, रोज सव्वादोनशे शब्द, की सत्तावीसशे होतात. ३० आणि ३१ दुरुस्तीला, तेव्हा ओसरी-पडवी मनसोक्त करा. रात्री साडेदहानंतर लिहायचं नाही. सव्वादोनशे होऊनही हात चालू असला तर दोनशे चाळीसवर थांबा आणि पुढचं वाक्य काय हे ठाऊक असताना उठा.

हात थांबलाच तर बोला. १८६६च्या ऑक्टोबरात रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्की असाच तारखेत सापडला होता. १ नोव्हेंबरपर्यंत प्रकाशकाला नवी कादंबरी द्यायची, नाही दिली तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन फुकट छापायचा हक्क प्रकाशकाला, असा करार. तेव्हा त्याची दुसरी एक मोठी कादंबरी मासिकात क्रमशः चालू होती, ती त्याने बाजूला ठेवली. अ‍ॅना स्नित्किना नावाची तरुण लघुलेखिका नेमली, रात्री टिपणं काढायची, दिवसा तिला सांगायचं, मध्ये चहा नि गप्पा, असं करत २६ दिवसांत 'जुगारी' पुरी केली. (पुढच्या फेब्रुवारीत तिच्याशी लग्नही केलं. हा भाग यजमानांना वाचून दाखवू नका.) तुमच्याकडे लघुलेखिका नाही, पण फोनवर मराठीत बोललेलं टाइप होतं. कार्यालयातला प्रसंग धाकट्या बहिणीच्या तोंडून, मैत्रिणीला सांगावा तसा, फोनला सांगा. विरामचिन्हं येणार नाहीत, निम्मे शब्द भलतेच उमटतील. त्या गोंधळातून वाचण्याजोगी चार वाक्यं निघाली तरी त्या दिवसाचं काम झालं. मराठीच्या बाईंना अशुद्धलेखन बघून त्रास होईल, तेवढा सोसा.

भीतीबद्दल मी फार बोलले नाही, कारण तिच्यासाठी माझ्याकडे वेगळा उपाय नाही. पहिल्यांदाच मोठ्या अंकाने मागितलंय, ती राहणारच. एवढं लक्षात घ्या, की त्या संपादकांनी तुमच्या छोट्या अंकांतल्या कथा वाचूनच फोन केला. त्यांना त्याच बाईची कथा हवी आहे, कुणा दुसरीची नको.

इतकं करूनही जमलं नाही तर? २४च्या सकाळी शब्द मोजा. तीन हजारांच्या पुढे असाल तर चालत राहा. मागे असाल तर कथा छोटी होऊ शकते का ते तपासा. साडेचार हजार ही वरची मर्यादा आहे, बत्तीसशेच्या कथेला संपादक नाही म्हणत नाहीत, उरलेल्या पानावर जाहिरात जाते. नंबर पुकारला जातो आणि दोघी उठतात, इथेही तुमची कथा कदाचित संपेल. सही आम्हाला बघायलाच हवी असं नाही. आणि तीही वाट बंद दिसली, तर त्याच दिवशी संपादकांना फोन करून यंदा जमणार नाही म्हणून सांगा, ३१ची वाट बघू नका. त्यांच्या खणात अशा वेळेसाठी एखादी राखून ठेवलेली कथा असतेच, आणि २४ला कळलं तर ती २५ला चित्रकाराकडे जाते.